घरच्या पडद्यावरील इतिहास

चित्रपटाचा जन्म आणि घरगुती चित्रपटाचा जन्म हे दोन्ही एकाच वर्षीं व एकाच कुटुंबांत झाले, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. १८९५ सालीं फ्रान्समध्यें लुई ल्यूमिएर यानें आपल्या नव्या यंत्रापुढें आपल्या भावाचें कुटुंब बसविलें. बागेंत मेज मांडलेलें आहे. भाऊ ऑगस्त आपल्या तान्ह्या मुलीला, आंद्रेला, चमच्यानें भरवीत आहे. शेजारीं आई पेल्यांत कॉफी ओतीत आहे. आणि मागें झाडाचीं पानें वाऱ्यानें हालत आहेत. सारा खेळ पाऊण मिनिटाचा. त्याच वर्षीं २८ डिसेंबर रोजीं पॅरिस येथील ग्रँड कॅफेच्या तळघरांत ल्यूमिएर बंधूंनीं पैसे घेऊन जो प्रसिद्ध खेळ दाखविला, त्यांतील दहा चित्रांत बाळाच्या न्याहारीचें हें चित्रहि होतें. पुढें ती मुलगी मोठी झाली आणि १९१८ सालच्या इन्फ्लुएन्झाच्या सांथींत, ऐन तारुण्यांत, वारली. तिला जाऊन आतां शंभराहून अधिक वर्षें लोटलीं; परंतु पडद्यावर ती अजून वर्षाचीच आहे आणि हातांतलें बिस्किट समोरच्या काकापुढें धरीत आहे.

घरगुती चित्रपटाची सारी मोहिनी या पाऊण मिनिटांत सांपडते. मात्र ही मोहिनी सामान्य गृहस्थाच्या दिवाणखान्यांत येण्यास आणखी सत्तावीस वर्षें लागलीं. ती तेथें आली ती तीन सोयींमुळें: फिल्म न पेटणारी झाली, ती स्वस्त झाली आणि यंत्र सोपें झालें. या तिन्ही सोयी कशा साधल्या आणि त्या प्रत्येकीची किंमत पुढच्या पिढ्यांना कशी मोजावी लागली, हाच या इतिहासाचा मुख्य भाग आहे.

पहिली अडचण अग्नीची. त्या काळची फिल्म सेल्युलोज नायट्रेट नांवाच्या द्रव्याची करीत. हें द्रव्य बंदुकीच्या कापसाचें जवळचें भावंड. तें एकदां पेटलें म्हणजे जळण्यास लागणारा प्राणवायु स्वतःच पुरवितें, त्यामुळें पाण्यांत बुडविलें तरी विझत नाहीं. १८९७ च्या मे महिन्यांत पॅरिसमधील एका धर्मार्थ बाजारांत चित्रें दाखविण्याच्या यंत्राला ईथरचा दिवा लावला होता. त्या दिव्यामुळें आग लागली आणि सव्वाशेंच्या आसपास माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्यांत मोठ्या घराण्यांतील स्त्रिया पुष्कळ होत्या. आगीचें मूळ दिव्याच्या ईथरांत होतें हें खरें. तथापि चित्रपट म्हणजे आगीशीं खेळ, अशी धास्ती लोकांच्या मनांत बसली ती बसलीच. ज्या घरांत मुलेंबाळें वावरतात, पडदे लोंबतात, तेथें असें यंत्र कोण आणील?

तरीहि प्रयत्न थांबले नाहींत. १८९८ सालीं इंग्लंडांत बर्ट एकर्स यानें ‘बर्टॅक’ नांवाचें यंत्र काढलें. चित्रपटगृहांत वापरावयाची पस्तीस मिलिमीटर रुंदीची फिल्म त्यानें उभी चिरून अर्धी केली आणि एकाच यंत्रानें चित्र घेण्याची व दाखविण्याची सोय केली. १९१२ सालीं अमेरिकेंत एडिसननें एकाच पट्टीवर चित्रांच्या तीन रांगा बसवून घरगुती यंत्र विकावयास काढलें. त्याच वर्षीं फ्रान्सच्या पाते कंपनीनें ‘कॉक’ नांवाचा प्रोजेक्टर आणला. त्याची फिल्म अठ्ठावीस मिलिमीटर रुंदीची असून ती सेल्युलोज ॲसिटेट या सहजासहजीं न पेटणाऱ्या द्रव्याची होती. शिवाय यंत्राची मूठ फिरविली म्हणजे त्यांतलेंच छोटें जनित्र दिव्यास वीज पुरवी. ज्या घरीं वीज आलेली नाहीं, तेथेंहि खेळ होऊं शके. युक्ति उत्तम होती. पण यंत्रें जड व महाग. विकत वा भाड्यानें आणलेलीं तयार चित्रें पाहणें हाच त्यांचा मुख्य उपयोग राहिला. आपल्या घरचें बारसें आपल्याच भिंतीवर पाहण्याचा योग अजून दूर होता.

तो योग १९२२ सालीं आला. त्या वर्षींच्या नाताळांत पाते कंपनीनें ‘पाते-बेबी’ हा प्रोजेक्टर बाजारांत आणला आणि पुढच्या वर्षीं त्याच्या जोडीचा कॅमेराहि आणला. फिल्मची रुंदी अवघी साडेनऊ मिलिमीटर. चित्रपटगृहांतील फिल्मला दोन्ही कडांना छिद्रें असतात. येथें दोन चित्रांच्या मधल्या जागेंत, मधोमध, एकच छिद्र ठेवलें. त्यामुळें कडांची जागा वांचली आणि जवळजवळ सारी रुंदी चित्राच्या कामीं आली. काटकसरीची दुसरी युक्ति याहून मौजेची होती. मूकपटांत मधून मधून अक्षरें येतात आणि तीं वाचण्यापुरतीं कांहीं सेकंद पडद्यावर राहावीं लागतात. त्यासाठीं एकच चित्र शेंकडों वेळां छापण्यांत फिल्म फुकट जाई. पाते-बेबीच्या फिल्मच्या कडेला एक बारीक खांच पाडलेली असे. ती खांच यंत्रांतून जातांच फिल्म आपोआप थबके, अक्षरें वाचून होत, आणि मग फिल्म पुन्हां पुढें सरके. नऊ मीटरांच्या डबींतली फिल्म सव्वा मिनिट चाले. घरांतल्या मुलानें मूठ फिरवावी आणि बाकीच्यांनीं पाहावें, इतकें हें यंत्र सुटसुटीत होतें.

दुसऱ्याच वर्षीं, म्हणजे १९२३ सालीं, अमेरिकेंत ईस्टमन कोडॅक कंपनीनें सोळा मिलिमीटरची फिल्म, तिचा कॅमेरा आणि ‘कोडास्कोप’ नांवाचा प्रोजेक्टर पुढें आणला. सोळा हा आंकडा ठरविण्यांत मोठी दूरदृष्टि होती. साडेसतरा मिलिमीटर ठेवलें असतें, तर कोणीहि लोभी दुकानदारानें पस्तीस मिलिमीटरची ज्वालाग्राही फिल्म मधोमध चिरून ती घरगुती म्हणून खपविली असती. सोळा केल्यानें ती वाट बंद झाली. घरांत येणारी फिल्म ही न पेटणारीच असणार, याची हमी तिच्या रुंदीनेंच मिळाली.

दुसरी सुधारणा खर्चाची. नेहमींच्या पद्धतींत कॅमेऱ्यांतून निघालेल्या फिल्मवर काळ्याचें पांढरें व पांढऱ्याचें काळें असें उलटें चित्र उमटतें आणि त्यावरून दुसऱ्या फिल्मवर सुलट प्रत काढावी लागते. म्हणजे दुप्पट फिल्म आणि दुप्पट खर्च. कोडॅकच्या प्रयोगशाळेंत जॉन कॅपस्टाफ यानें अशी रासायनिक कृति बसविली कीं, कॅमेऱ्यांतून गेलेलीच पट्टी सुलट होऊन प्रोजेक्टरवर चढावी. खर्च एकदम खालीं आला. मात्र त्यामुळें मूळहि तीच आणि प्रतहि तीच असें झालें. ती हरवली, फाटली, पावसांत भिजली, तर तिच्यामागें दुसरें कांहीं उरत नाहीं. घरोघरच्या लाखों फुटांच्या फिल्म या अशा एकुलत्या एक आहेत, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

स्वस्त म्हटलें तरी तें मर्यादित अर्थानें. कॅमेरा, प्रोजेक्टर, तिवई, पडदा आणि फिल्म सांधण्याचें साधन असा कोडॅकचा सारा सरंजाम ३३५ डॉलरांस पडे. फोर्ड कंपनीची साधी मोटारगाडी १९२५ च्या सुमारास तीनशें डॉलरांच्या आंत मिळत असे. म्हणजे घरीं मोटार ठेवावी कीं सिनेमाचें यंत्र, असा तो प्रश्न होता. मध्यम स्थितीच्या माणसाच्या आटोक्यांत हा छंद आला तो १९३२ सालीं. जगभर मंदीचे दिवस होते. तेव्हां कोडॅकनें आठ मिलिमीटरची फिल्म काढली. पंचवीस फुटांची सोळा मिलिमीटरची पट्टी कॅमेऱ्यांत एकदां सरळ व एकदां उलट फिरवावयाची, प्रत्येक वेळीं अर्ध्या रुंदीवर चित्रें घ्यावयाचीं, आणि मग ती चिरून टोकास टोक जोडावयाची. पन्नास फूट तयार! हें रीळ चारएक मिनिटें चाले आणि कॅमेरा साडेएकोणतीस डॉलरांस मिळे. १९३५ सालीं ‘कोडाक्रोम’ ही रंगीत फिल्म सोळा मिलिमीटरमध्यें आली व पुढच्या वर्षीं ती आठ मिलिमीटरमध्येंहि मिळूं लागली. ती सिद्ध करणारे लिओपोल्ड मॅनेस आणि लिओपोल्ड गोडोव्स्की हे दोघेहि व्यवसायानें संगीतकार होते. पुढें १९६५ सालीं ‘सुपर एट’ आली. ती बंद डबींतच मिळे. ती कॅमेऱ्यांत बसविली कीं काम झालें. काळोखांत हात चांचपडत फिल्म गुंतविण्याची कटकट संपली.

हा प्रोजेक्टर काम कसें करतो, हेंहि पाहण्यासारखें आहे. पडद्यावर कांहीं हालतें असें आपणांस वाटतें; प्रत्यक्षांत तेथें एकामागून एक स्थिर चित्रें येत असतात. दिवा, त्यापुढें फिल्म, त्यापुढें भिंग, इतकीच मूळ मांडणी. फिल्म जर सारखी धांवत राहिली, तर पडद्यावर नुसता पुसट पट्टा दिसेल. म्हणून यंत्रांतला एक छोटा आंकडा छिद्रांत शिरतो, फिल्म एका चित्राइतकी खालीं ओढतो आणि बाजूस होतो. चित्र क्षणभर स्थिर राहतें. ओढण्याच्या वेळीं एक फिरती चकती दिव्यापुढें येऊन प्रकाश अडविते, म्हणून ती ओढाताण कोणास दिसत नाहीं. मूकपटाच्या काळीं असें सेकंदास सुमारें सोळा वेळां घडे. चक्रें फिल्म एकसारखी पुढें ढकलतात आणि आंकडा तिला थांबत थांबत ओढतो. या दोहोंचें भांडण होऊं नये म्हणून आंकड्याच्या वर व खालीं फिल्मचा एकेक सैल वेढा ठेवलेला असतो. तो वेढा लहान पडला कीं चित्र उड्या मारूं लागतें; फिल्म दिव्यापुढें अडकून राहिली तर उष्णतेनें चित्राच्या मध्यावर एक तपकिरी डाग उमटतो आणि पाहतां पाहतां तो पसरून त्याचें भोंक होतें. ज्यांनीं असा खेळ पाहिला आहे, त्यांना त्या यंत्राची खडखड, तापलेल्या धुळीचा वास आणि दिव्याच्या झोतांत तरंगणारे कण आठवल्यावांचून राहणार नाहींत.

या साऱ्याशीं आपल्या देशाचा संबंध फार जुना आहे. ल्यूमिएर बंधूंचा खेळ पॅरिसनंतर सहा महिन्यांनींच, ७ जुलै १८९६ रोजीं, मुंबईस वॉटसन हॉटेलांत झाला. आणि महाराष्ट्रांत चित्रपटाचा पाया घातला गेला तो एका कुटुंबाच्या ओट्यावरच, असें म्हणण्यास हरकत नाहीं. १९१२ सालीं दादासाहेब फाळके विलायतेहून यंत्रसामग्री घेऊन आले. आरंभींच त्यांनीं जें चित्र घेतलें, तें राजाचेंहि नव्हतें आणि देवाचेंहि नव्हतें. कुंडींत पेरलेल्या वाटाण्याला अंकुर कसा फुटतो व वेल कसा वाढतो, हें त्यांनीं थोडथोड्या वेळानें एकेक चित्र घेऊन टिपलें आणि तें दाखवून भांडवल मिळविलें. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई या घरचा स्वयंपाक संभाळून फिल्मला छिद्रें पाडण्यापासून रसायनें मिसळण्यापर्यंत सारीं कामें करीत. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’ मध्यें रोहिदासाची भूमिका त्यांच्या मुलानें, भालचंद्रानें, केली. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’ मध्यें कृष्ण झाली ती त्यांची सुमारें सात वर्षांची मुलगी मंदाकिनी. त्या चित्रपटाच्या आरंभीं फाळक्यांनीं आपल्या मुलीच्या चेहऱ्यावरील निरनिराळे भाव प्रेक्षकांस दाखविले आणि मग तिला कृष्णाच्या वेषांत पुढें आणलें. हा भाग धंद्यासाठीं घेतलेला खरा. परंतु कॅमेऱ्यामागें बाप व पुढें लेक हें नातें लपत नाहीं. ‘कालिया मर्दन’ सुदैवानें बऱ्याच अंशीं बचावला आहे. ‘राजा हरिश्चंद्र’चीं मात्र आरंभींचीं व शेवटचींच रिळें मिळतात. १९६४ सालीं पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें आणि अशा अवशेषांना हक्काची जागा मिळाली.

खरा घरगुती कॅमेरा आपल्याकडे आला तो प्रथम संस्थानिकांच्या वाड्यांत, गोऱ्या अधिकाऱ्यांच्या बंगल्यांत आणि मोठ्या व्यापाऱ्यांच्या व डॉक्टरांच्या घरीं. इंग्लंडांत केंब्रिज विद्यापीठाच्या दक्षिण आशिया अभ्यासकेंद्रांत अशा कौटुंबिक फिल्मचा मोठा संग्रह जपून ठेवला आहे. हिंदुस्थानांत नोकरी केलेल्या इंग्रज कुटुंबांनीं घेतलेल्या त्या फिल्म होत. त्यांत शिकारी आहेत, सहली आहेत, मुलांचे वाढदिवस आहेत. ज्यानें चित्र घेतलें त्याचें लक्ष आपल्या बाळाकडे होतें. पण त्याच चित्रांत कडेला त्या बाळाला संभाळणारी आया उभी आहे, माळी पाणी घालीत आहे, मागच्या रस्त्यानें बाजारची माणसें चाललीं आहेत. आजच्या अभ्यासकाला त्या बाळापेक्षां हे कडेचे लोकच अधिक मोलाचे वाटतात. कारण त्यांचें चित्र काढावें असें त्या काळीं फारसें कोणाच्या मनांत आलें नव्हतें. जें टिपावयाचें नव्हतें तेंहि टिपलें जाणें, हा या यंत्राचा गुण आहे.

घरगुती फिल्म संपूर्ण सत्य सांगते असें मात्र नव्हे. लग्नें, मुंजी, सहली, समुद्रकिनारे यांचीच तींत गर्दी. आजारपण, भांडणें, कर्ज यांच्यापुढें कोणी कॅमेरा धरीत नाहीं. आणखी एक न्यून असें कीं, ज्याच्या हातीं यंत्र तो कुटुंबप्रमुख बहुधा चित्रांत नसतोच. वर्षानुवर्षांचीं रिळें पाहिलीं तरी वडिलांची सांवली तेवढी कधीं अंगणांत पडलेली दिसते. इतिहासाचीं इतर साधनें जशीं पारखून घ्यावीं लागतात, तशीच हीहि पारखून घ्यावी लागते. बखर लिहिणाराचा कल पाहावयाचा, तसा येथें कॅमेरा धरणाराचा.

हीं साधीं चित्रें कधीं कधीं जगाच्या इतिहासाचीं साक्षीदार होतात. २२ नोव्हेंबर १९६३ रोजीं अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्यावर डॅलस शहरीं गोळ्या झाडल्या गेल्या. तो प्रसंग सर्वांत स्पष्टपणें टिपला तो कोणा बातमीदारानें नव्हे, तर एब्राहम झाप्रुडर या कपड्यांच्या व्यापाऱ्यानें आपल्या आठ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यानें. अवघ्या सव्वीस सेकंदांचें तें रंगीत चित्र चौकशीचा मुख्य आधार ठरलें. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेनें जपानी वंशाच्या आपल्याच नागरिकांना घरेंदारें सोडावयास लावून छावण्यांत ठेविलें. यूटा प्रांतांतील टोपॅझ छावणींत डेव्ह तात्सुनो या गृहस्थानें लपवून आणविलेल्या आठ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यानें तेथील जीवन टिपलें: धुळीचीं वादळें, बर्फ, मुलांचे खेळ, रविवारची प्रार्थना. छावणींत कॅमेरा बाळगण्यास बंदी होती. १९९६ सालीं या फिल्मचा अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-सूचींत समावेश झाला. जिला मानाचें स्थान मिळालें ती फिल्म मूळची एका बापानें आपल्या मुलाबाळांची म्हणून घेतलेली होती.

परंतु या सर्वांत हृदयास भिडणारी हकीकत आहे ती पोलंडमधील नाशेल्स्क या गांवची. १९३८ च्या उन्हाळ्यांत अमेरिकेंत स्थायिक झालेलें एक ज्यू जोडपें युरोपच्या सहलीस निघालें. गृहस्थाचा जन्म नाशेल्स्कचा. म्हणून तो तेथें गेला. त्याच्या हातीं सोळा मिलिमीटरचा कॅमेरा होता. रस्त्यावर यंत्र दिसतांच सारें गांव गोळा झालें. मुलें धक्काबुक्की करून पुढें येत आहेत, टोप्या उडत आहेत, प्रार्थनामंदिराच्या दारांतून माणसें बाहेर पडत आहेत, आणि जो तो यंत्रांत दिसावें म्हणून हंसत आहे. अशीं तीनच मिनिटें. पुढच्याच वर्षीं जर्मन फौजा आल्या. त्या गांवीं ज्यू वस्ती सुमारें तीन हजारांची होती. युद्धाअखेर त्यांतले शंभरहि जिवंत राहिले नाहींत.

ही फिल्म सत्तर वर्षें डब्यांत पडून होती. २००९ सालीं त्या गृहस्थाचे नातू, लेखक ग्लेन कुर्त्झ, यांना ती फ्लॉरिडांत आपल्या आईवडिलांच्या घरीं एका कपाटांत सांपडली. ती आकसलेली होती, वळून गेलेली होती, यंत्रावर चढविण्याच्या स्थितींत नव्हती. वॉशिंग्टन येथील होलोकॉस्ट संग्रहालयानें तज्ज्ञांकडून ती सोडवून घेतली आणि लोकांस पाहावयास खुली केली. तेव्हां एक नवल घडलें. दूरच्या एका शहरांतील तरुण स्त्रीनें ती पाहतांना गर्दींतल्या तेरा वर्षांच्या एका मुलाचा चेहरा ओळखला. ते तिचे आजोबा होते. वय ऐंशीच्या पुढें, पण स्मरण शाबूत. त्यांनीं पडद्याकडे बोट दाखवून सोबत्यांचीं नांवें सांगितलीं, कोणाचें दुकान कोठें होतें तें सांगितलें, कोणत्या मुलांनीं कोणत्या टोप्या घालाव्यात हा रिवाज सांगितला. त्यांच्या बोलण्यानें तें मुकें गांव बोलूं लागलें. कुर्त्झ यांनीं या शोधावर २०१४ सालीं ग्रंथ लिहिला आणि २०२१ सालीं बियांका स्टिग्टर यांनीं त्याच तीन मिनिटांवर एक संपूर्ण चित्रपट रचला. इतकें होऊनहि, त्या फिल्ममध्यें दीडशेंच्या वर चेहरे दिसतात आणि नांवें लागलीं तीं बोटांवर मोजण्याइतक्यांचीं. बाकीच्यांना ओळखणारें कोणी उरलेलें नाहीं.

या हकीकतीवरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, फिल्म नाशवंत आहे. ज्या सेल्युलोज ॲसिटेटमुळें चित्रपट निर्धास्तपणें घरांत आला, तेंच ॲसिटेट उष्णता आणि दमट हवा यांनीं हळूहळू कुजतें व त्यांतून शिरक्यासारख्या वासाचें आम्ल सुटतें. तें आम्ल पुन्हां उरलेल्या फिल्मला कुजवितें. म्हणजे रोग स्वतःच स्वतःला वाढवितो. फिल्म आकसते, वळते, ठिसूळ होते, आणि तिचीं छिद्रें यंत्राच्या दांत्यांशीं जुळेनाशीं होतात. आगीपासून संरक्षण मिळालें, त्याचें मोल असें चुकवावें लागत आहे. कोंकणपट्टीची आणि मुंबईची पावसाळी हवा तर या रोगास फारच अनुकूल. त्यांत बुरशीची भर. पत्र्याखालच्या माळ्यावर, बंद पेटींत, जुन्या कपड्यांखालीं ठेवलेलें रीळ हें बहुधा मरणपंथास लागलेलें असतें.

यास्तव ज्या घरांत अशीं रिळें असतील, त्यांनीं कांहीं साध्या गोष्टी पाळाव्यात. डबा उघडतांना शिरक्यासारखा वास येतो कीं काय तें पाहावें. येत असेल तर तें रीळ इतरांपासून निराळें ठेवावें. रिळें थंड, कोरड्या व हवेशीर जागीं ठेवावींत. उत्साहाच्या भरांत जुना प्रोजेक्टर काढून त्यावर एकदम चढवूं नयेत. आकसलेली फिल्म आंकड्यापाशीं फाटते आणि तिची दुसरी प्रत नसते. जाणत्या माणसाकडून तपासून तिची अंकीय प्रत करून घ्यावी. व्हिडिओची फीत आल्यावर, म्हणजे १९७५ नंतर, पुष्कळांनीं फिल्म फितीवर उतरवून मूळ रिळें टाकून दिलीं. आतां त्या फिती पुसट झाल्या आहेत आणि त्या चालविणारीं यंत्रेंहि दुर्मिळ आहेत. नीट राखलेली मूळ फिल्म मात्र अद्याप दिव्यापुढें धरली तर डोळ्यांस दिसते. म्हणून प्रत केली तरी मूळ टाकूं नये.

दुसरी गोष्ट पहिलीहून महत्त्वाची. फिल्म वांचविली तरी तींतलीं माणसें वांचतातच असें नाहीं. घरगुती फिल्म मुकी असते. पूर्वीं ती दाखविली जाई तेव्हां काळोखांत कोणी तरी बोलत असे: ही मोठी आत्या, हा तिचा दीर, हें नाशिकचें घर, हा पूर ओसरल्यावरचा घाट. ती बोलणारी व्यक्ति हाच त्या फिल्मचा दुसरा अर्धा भाग होता आणि तो कोणत्याहि रिळावर उमटलेला नाहीं. बोलणारें माणूस गेलें कीं उरतात ते नुसते हंसरे चेहरे. जुन्या बाजारांत अशीं रिळें वजनावर विकलीं जातात, याचें कारण फिल्म खराब झाली हें नसून तींतल्या कोणाचेंहि नांव आतां कोणास ठाऊक नाहीं, हें आहे.

२००३ सालापासून फिल्मचे जतन करणाऱ्या कांहीं तज्ज्ञांनीं वर्षांतून एक दिवस घरगुती चित्रपटांचा म्हणून पाळण्याची प्रथा पाडली. त्या दिवशीं निरनिराळ्या शहरांतले लोक आपापलीं रिळें घेऊन येतात, जाणकार तीं तपासून देतात आणि मग सर्वांनीं मिळून तीं पाहावयाचीं, असा कार्यक्रम असतो. घरांत हें काम करावयास तज्ज्ञहि लागत नाहीं. एका संध्याकाळीं घरांतल्या सर्वांत वृद्ध माणसाला पडद्यासमोर बसवावें, चित्र मधून मधून थांबवावें आणि तीं काय सांगतात तें नातवंडांनीं लिहून घ्यावें: कोण, कोठें, कोणत्या सालीं. तो कागद डब्यांत ठेवावा आणि त्याची एक प्रत निराळी ठेवावी. रासायनिक रोगावर विज्ञान कांहीं तरी उपाय काढील. विसरलेलें नांव मात्र कोणतीहि प्रयोगशाळा परत देऊं शकत नाहीं. ज्यांच्या घरीं सांगणारें माणूस अजून आहे, त्यांनीं हें काम पुढच्या सुटीवर टाकूं नये.